पाठीशी इंजिन, गाठीशी काय?

गेल्या कोजागिरीला दूध आटत होते तेव्हा आमचे एक जुने स्नेही मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्याशी जरा गाडीबद्दल बोलायचं होतं." मला वाटले, पुतण्यासाठी जुनी कॅम्री हवी असेल. मंडळात माझ्याकडे लोक बहुधा त्याचसाठी येतात. पण यांचे प्रकरण वेगळे निघाले. धाकटीचे कॉलेज संपले, घराचे कर्ज फिटले, अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली, आणि आता यांना मिड-इंजिन स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅकवर चालवायची होती. डीलरकडे जाऊन नवी कॉर्व्हेट बघूनही झाली होती. "घरात अजून बोललो नाही," हे वाक्य त्यांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू आवाजात उच्चारले.

त्या शेवटच्या वाक्यामुळे हा लेख लिहीत आहे.

हे पान आरोग्याचे आणि पैशाचे. येथे स्पोर्ट्स कारचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. आयआरए आणि कोलेस्टेरॉल यांवर आपण पुष्कळ वाचतो. परंतु पन्नाशी उलटलेला शहाणा माणूस एका दुपारी एक सही करून दोन्हींची वाट कशी लावू शकतो, यावर कोणी लिहीत नाही. मी ते स्वतः करून पाहिले आहे, तेही चाळिशीतच. ती हकिकत पुढे येईल.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगतो. ही शर्यत नव्हे. शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त रस्त्यावर आपली गाडी शिस्तीत आणि वेगात चालवायला शिकण्याचा हा दिवस. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका (स्थापना १९५५) याला ड्रायव्हर एज्युकेशन म्हणतो. बीएमडब्ल्यूवाल्यांचा क्लब आहे, आणि १९९१ साली निघालेली 'नासा' नावाची एक संस्थाही आहे. तिचा अंतराळाशी संबंध नाही. आमच्या आईला मात्र बरेच दिवस वाटत होते की मी तिकडे कामाला लागलो. सकाळी गाडीची तपासणी होते, मग चालकांची सभा, मग अनुभवाप्रमाणे गट पाडतात. वीस ते तीस मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या मिळतात. नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो, दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलण्याची तार असते. पुढे जायचे ते ठरलेल्या सरळ पट्ट्यावरच, आणि पुढच्याने खिडकीतून हात काढून वाट दिली तरच. हात दाखवून वाट मागण्या-देण्याची ही रीत आपण खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाल्यांकडून शिकलोच आहोत.

आपल्या भागातून जाण्याजोगे तीन ट्रॅक आहेत. मिलव्हिलचे न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क २००८ साली उघडले. तेथे थंडरबोल्ट सव्वादोन मैलांचा आणि लाइटनिंग १.९ मैलांचा. कनेटिकटमधला लाइम रॉक १९५७ पासून आहे, जेमतेम दीड मैलाचा, पण शेवटचे वळण उताराचे आणि चांगलेच वेगाचे. तेथे रविवारी शर्यती होत नाहीत; शेजाऱ्यांनी १९५९ मध्ये कोर्टातून तशी मनाई मिळवली. आणि न्यूयॉर्क राज्यातले वॉटकिन्स ग्लेन, जेथे १९६१ ते १९८० अमेरिकन ग्रां प्री झाली. तेथे रस्त्याच्या अगदी कडेने फिकट निळे लोखंडी कठडे आहेत. दिसायला फार सुंदर. चुकीला जागा मात्र नाही.

आता मिड-इंजिन. इंजिन पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये, बहुधा चालकाच्या पाठीशी. आपल्यातल्या अनेकांना आठवत नसेल, पण त्यांच्याकडे मिड-इंजिन गाडी होती! भारतात मारुती व्हॅन, जिच्यात इंजिन पुढच्या सीटखाली असे आणि मे महिन्यात बसणाऱ्याला ते चांगलेच जाणवे. येथे नव्वदच्या दशकात मिळणारी टोयोटा प्रीव्हिया, तिचेही इंजिन आडवे करून पुढच्या सीटखाली बसवलेले. तीत सात माणसे आणि ढोकळ्याचे तीन ट्रे घालून आपण अधिवेशनांना गेलो. तेव्हा कोणाला आपण स्पोर्ट्स कारच्या भाऊबंदांत बसलो आहोत असे वाटले नाही.

इंजिन मध्ये ठेवण्याचा फायदा कावड पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी असलेली कावड खांद्यावर घेऊन वळायला वेळ लागतो, आणि वळू लागली की थांबवायलाही वेळ लागतो. त्याच घागरी सरकवून खांद्याजवळ आणल्या की माणूस गर्रकन वळतो. गाडीचे तसेच. जड इंजिन मध्याजवळ आणले की गाडी स्टिअरिंगचे लगेच ऐकते. मागच्या चाकांवर वजन असल्याने वळणातून बाहेर पडताना ती रस्ता घट्ट धरते. ब्रेक लावला की वजन पुढे सरकते, पण मुळात ते मागे असल्याने चारही चाके कामाला येतात.

पण जी गर्रकन वळते ती गर्रकन फिरतेही. वळणात वेगाने असताना चालक घाबरला तर पहिली गोष्ट काय करतो? पाय उचलतो. त्याबरोबर वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात, आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. इंजिन पुढे असलेल्या साध्या गाडीत बहुतेक वेळा नाक थोडे बाहेर जाते आणि वेग कमी होताच गाडी सावरते. मिड-इंजिन गाडीत सावरायला मिळणारा वेळ फार थोडा. तिला लागणारी सवय, म्हणजे ब्रेक सरळ रेषेत संपवायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा, ही उपजत बुद्धीच्या उलट आहे. ती शिकावी लागते, आणि पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत ती शिकणे म्हणजे विहिरीऐवजी थेट समुद्रात पोहायला शिकणे.

माझी हकिकत अशी. १९९८ साली मी १९९१ची टोयोटा एमआर२ टर्बो घेतली, नऊ हजार दोनशे डॉलरला. दोनशे अश्वशक्ती, इंजिन पाठीशी, तांबडी. या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्या वळणात अचानक मागून निसटतात अशी ख्याती होती, आणि १९९३च्या मॉडेलपासून टोयोटाने सस्पेन्शन बदलले होते. हे सर्व मला ठाऊक होते. मी मेकॅनिकल इंजिनिअर. मला वाटले, ठाऊक असणे पुरेसे आहे. पैसे मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला काढलेल्यांपैकी होते. ती तेव्हा बारा वर्षांची. भरून काढू, असा हिशेब. घरी "ड्रायव्हिंगचा क्लास आहे" असे सांगत असे. ते शब्दशः खरे होते.

ऑक्टोबर १९९९मध्ये, माझ्या चौथ्या ट्रॅक डेला, मला पहिल्यांदा प्रशिक्षकाशिवाय सोडले. सकाळी पावसाची भुरभुर होऊन गेली होती. एका लांब डाव्या वळणात पुढची गाडी एकाएकी मंदावली, आणि मी वर लिहिले तेच केले. पाय उचलला. पुढचे मला इतकेच आठवते की समोर आकाश, मग आलेला रस्ता, मग पुन्हा आकाश, आणि मग पाठीमागून मोठा आवाज. मला मानेच्या दोन आठवड्यांच्या दुखण्याखेरीज काही झाले नाही. गाडी मात्र मधून वाकली. ट्रॅकच्या व्यवस्थापनाने कठड्याच्या तीन खांबांचे बिल हातात दिले. तो नियम सकाळी सही केलेल्या कागदावर होता. इन्शुरन्स कंपनीचे पत्र महिन्याने आले: शर्यतीसाठी बांधलेल्या जागेवरचे नुकसान पॉलिसीत बसत नाही. तेही पॉलिसीत छापलेले होते. मी वाचले नव्हते.

मला न्यायला सौ. प्रीव्हिया घेऊन आली. दोन तासांच्या परतीच्या वाटेत ती एकच शब्द बोलली, "किती?" मी आकडा सांगितला. त्यानंतरचे दोन उन्हाळे आम्ही भारतात गेलो नाही. आईने दोन्ही वेळा फोनवर विचारले, आणि दोन्ही वेळा मी "कामाचा व्याप" असे उत्तर दिले.

सात वर्षांनी, २००६ साली, मी पुन्हा ट्रॅकवर गेलो, तो हिच्या अटींवर. स्वतंत्र खाते, त्यात जे असेल तेवढ्यातच खेळ. गाडी रोख पैशांनी, आणि पूर्ण नाश झाली तरी घरात आवाज चढणार नाही एवढ्याच किमतीची. आणि तारीख आधी सांगायची. गाडी निवडण्याचे याहून चांगले मोजमाप मला आजपर्यंत कोणत्याही मोटारींच्या मासिकात सापडलेले नाही. म्हणून आमच्या स्नेह्यांना मी पहिला प्रश्न विचारला तो अश्वशक्तीचा नव्हता. विचारले, "ही गाडी उद्या दुपारी भंगारात गेली, आणि इन्शुरन्सचा एक सेंट आला नाही, तर काय कराल?" ते बराच वेळ मसाले दुधाच्या पेल्याकडे बघत राहिले.

इन्शुरन्सचे जरा विस्ताराने सांगतो, कारण येथेच लोक फसतात. अमेरिकेतल्या नेहमीच्या ऑटो पॉलिसीत शर्यत किंवा तिचा सराव वगळलेला असतो. पूर्वी काही जण "ही शर्यत नव्हे, शिक्षण आहे" असा युक्तिवाद करून पैसे मिळवत. आता पुष्कळ कंपन्यांनी शब्दरचना बदलून अशा जागेवर गाडी चालवणेच वगळले आहे. ट्रॅक डेसाठी त्या त्या दिवसापुरती वेगळी पॉलिसी मिळते. तिचा हप्ता गाडीच्या ठरवलेल्या किमतीवर असतो, आणि डिडक्टिबलही सहसा किमतीच्या टक्केवारीत. म्हणजे गाडी जितकी महाग तितका दर दिवसाचा खर्च मोठा, आणि अपघात झाल्यावर खिशातून जाणारा वाटाही मोठा. बहुतेक पॉलिसी गाडीपुरत्याच असतात. कठड्याचे पैसे त्यात आहेत की नाहीत हे वाचून घ्यावे. गाडी कर्जावर असेल आणि ती ट्रॅकवर मोडली, तर गाडी जाते, कर्ज राहते.

आयुर्विम्याच्या अर्जात मोटार शर्यतींसारख्या धोक्याच्या छंदांबद्दल प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरे लिहावे. बहुतेक राज्यांत पॉलिसीच्या पहिल्या दोन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी अर्ज पुन्हा तपासू शकते, आणि खोटे आढळले तर दावा नाकारू शकते. मग ते पत्र वाचायला आपण नसतो. ते घरच्यांना वाचावे लागते.

आता गाड्या. आमच्या स्नेह्यांची कॉर्व्हेट आधी घेऊ. २०२०च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटचे इंजिन मागे गेले. झोरा आर्कस-डंटॉव्ह या तिच्या थोर इंजिनिअरचे हे अनेक वर्षांचे स्वप्न; ते त्यांच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी पुरे झाले. ६.२ लिटरचे व्ही-८, ४९० अश्वशक्ती, २०२० साली सुरुवातीची किंमत साठ हजार डॉलरच्या किंचित खाली होती. त्या पैशांत एवढे यंत्र दुसरे कोणी दिले नाही, हे मान्य. शिवाय ती आश्चर्यकारक सभ्य आहे. कमरेचा त्रास असलेला माणूसही तीत तासन्‌तास बसू शकतो. मग नको का म्हणतो? तिचे वजन साडेतीन हजार पौंडांच्या वर आहे आणि वेग सहज मिळतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ही सगळी उष्णता टायर, ब्रेक पॅड आणि शेवटी आपला खिसा यांतून बाहेर पडते. आणि नवशिक्याच्या चुका ती तिच्या इलेक्ट्रॉनिक्सने झाकते; त्या उघड होतात तेव्हा काटा भलत्याच आकड्यावर असतो.

दुसऱ्या टोकाला लोटस एलिस. १९९६ साली इंग्लंडमध्ये आली. लोटसचे त्या वेळचे अध्यक्ष रोमानो आर्तिओली यांच्या नातीचे नाव तिला दिलेले. अमेरिकेत २००४ मध्ये टोयोटाच्या १.८ लिटर इंजिनासह आली. १९० अश्वशक्ती, वजन दोन हजार पौंडांहूनही थोडे कमी. वजनच नाही म्हटल्यावर टायर टिकतात, ब्रेक टिकतात. ट्रॅकवर याहून आनंददायक गाडी मी चालवलेली नाही. परंतु तिचा सांगाडा ॲल्युमिनिअमचे भाग चिकटवून केलेला आहे, त्याला मार बसला तर दुरुस्ती जवळजवळ होत नाही. पुढचे सबंध अंग एकाच तुकड्यात, त्यामुळे पार्किंगमधला लहानसा धक्काही हजारांत जातो. सुरुवातीच्या गाड्यांत गाडी फिरू लागली तर सावरणारी यंत्रणा नाही. आणि आत शिरण्यासाठी रुंद उंबरठा ओलांडून जमिनीलगत बसावे लागते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी आधी टपावर एकदा प्रयोग करून पाहावा, म्हणजे टप काढून. टप लावलेले असताना आत जाणे हे योगासन आहे.

एमआर२ स्पायडर, २००० ते २००५, ही स्वस्तातली मिड-इंजिन. १३८ अश्वशक्ती, सुमारे बावीसशे पौंड. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या गाड्या तेल खातात, आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेला छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भुगा होऊन इंजिनात ओढला जाण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. शक्यतो २००३ नंतरची बघावी. सामानाला जागा इतकी कमी की हेल्मेट ठेवले तर डबा मांडीवर घ्यावा लागतो.

मग उरतात पोर्शेच्या बॉक्स्टर आणि केमन. माझे मत येथे पडते, आणि ते निःपक्षपाती नाही हेही सांगतो, कारण २०१५ पासून माझ्याकडे २००९ची बॉक्स्टर आहे. या गाड्या मिड-इंजिन असूनही बोलक्या आहेत. मागचा भाग निसटण्याआधी सीटमधून, स्टिअरिंगमधून सूचना मिळते. ब्रेक मजबूत. पुढे-मागे दोन डिकी असल्याने हेल्मेट, हवा मोजायचे यंत्र, पाण्याचे कॅन आणि ठेपले सगळे मावते. पण वर्ष पाहून घ्यावे. १९९७ ते २००८च्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टला एक बेअरिंग असते. ते गेले की बेअरिंग नव्हे, सबंध इंजिन जाते. २००५ पर्यंतच्या गाड्यांत ते क्लच काढताना बदलता येते. २००६ ते २००८च्या गाड्यांत बेअरिंग मोठे आणि त्यामुळे अधिक टिकाऊ, पण इंजिन उकलल्याशिवाय निघत नाही. २००९ पासून इंजिन नवीन आले, त्यात तो शाफ्टच नाही. म्हणून मी २००९ ते २०१२च्या साध्या २.९ लिटरच्या बॉक्स्टर किंवा केमनवर बोट ठेवतो. 'एस'चा मोह धरू नये. २५५ अश्वशक्ती तुमच्या पहिल्या पाच वर्षांना पुरून उरेल.

जुनी पोर्शे घेताना शंभर-दोनशे डॉलर वाचवण्यासाठी तपासणी टाळणाऱ्या माणसाबद्दल मला काही म्हणायचे नाही. स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करावीच. त्याला इंजिनच्या संगणकातून जास्त फेऱ्यांची नोंद काढायला सांगावे. आधीच्या मालकाने चुकीचा गिअर टाकून इंजिनाची किती वेळा किंकाळी काढली, ते त्यात तारीखवार नसले तरी तासांच्या हिशेबाने दिसते.

आणि तरीही, पहिली गाडी म्हणून मी यांपैकी एकही सुचवत नाही. पहिले दोन हंगाम जुन्या मझदा मियाटात काढावेत. इंजिन पुढे, वजन कमी, टायर स्वस्त, आणि चूक केली की ती आधी सांगते, मग शिक्षा करते. स्नेह्यांना हे ऐकून वाईट वाटले. "ती तर बायकांची गाडी म्हणतात," ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की मियाटातल्या एका शाळामास्तरणीने मला लाइम रॉकला वळणावळणावर मागे टाकले होते, तेव्हा हे वाक्य तेथे काढू नये.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर माझी वही उघडतो. गेल्या हंगामात मी चार वेळा, एकूण सहा दिवस गेलो. प्रवेश फी, टायरचा एक संच, पुढचे पॅड, ब्रेकचे तेल दोनदा, पेट्रोल, मोटेल, त्या दिवसांची पॉलिसी: बेरीज ५,९४० डॉलर. यात गाडीची किंमत नाही. अपघातही नाही. ब्रेकचे तेल हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खर्च. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. उकळले की पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. दर हंगामात बदलावे. क्लबवाले तारीख विचारतातच.

आता प्रकृती. २०१८च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हाच हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे. ट्रॅकवर बसल्या जागी नाडी धावल्यासारखी वाढते. तेव्हा पन्नाशीनंतर आधी आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे; "जरा गाडी चालवतो" असे नव्हे, काय करणार ते नीट सांगून. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी विशेष, कारण जुलैत हेल्मेट, लांब बाह्या, आणि पाठीशी तापलेले इंजिन यांत पाणी झपाट्याने कमी होते. मधुमेहाचे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फेरीआधी साखर मोजावी. दुपारी पुरीभाजी खाऊन शेवटच्या फेरीला बसू नये. गंमत नाही, दिवसातल्या चुका बहुतेक शेवटच्या फेरीत होतात, माणूस थकलेला असतो आणि तो थकला आहे हे त्याला कळत नाही. मी गेली काही वर्षे शेवटची फेरी सोडतो. पैसे भरलेले असतात म्हणून जीव तुटतो, पण सोडतो.

हेल्मेट मोटारसायकलचे चालत नाही. स्नेल फाउंडेशनचा 'एसए' शिक्का हवा. त्या परीक्षेत हेल्मेट आगीला टिकते का तेही पाहतात. हे प्रमाण साधारण पाच वर्षांनी बदलते, एसए २०२० नंतर एसए २०२५ आले, म्हणून घरातल्या कोणाचे जुने आणू नये. मानेसाठी हान्स नावाचे उपकरण आहे. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग, यांनी ते ऐंशीच्या दशकात तयार केले. बराच काळ कोणी वापरेना. २००१ मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर होऊन गेले, आणि त्याच वर्षी नॅसकारने असे उपकरण सक्तीचे केले. मात्र ते खांद्यावरून येणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यांबरोबरच काम करते. आणि नुसते पट्टे बसवून मागे रोल बार बसवला नाही तर गाडी उलटल्यावर माणूस ताठ बांधलेला राहतो, हे आणखी वाईट. अर्धवट सुरक्षा बसवण्यापेक्षा कंपनीने दिलेले तीन टोकांचे पट्टे आणि एअरबॅग तसेच ठेवावेत. उघड्या टपाच्या गाडीला क्लब उलटण्यापासून संरक्षण मागतात. नोंदणीआधी आपल्या क्लबाचा नियम विचारावा. कपडे सुती. नायलॉन आगीत कातडीला चिकटते.

हे सगळे ऐकून आमचे स्नेही गप्प झाले होते. मला वाटले, उत्साह मावळला. पण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. घरी सांगितले होते. वहिनींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी माझी वही मागितली. मी फोटो काढून पाठवले, १९९९च्या पानासकट. त्या पानावर त्यांनी हिला फोन करून पाऊण तास काय बोलणे केले ते आम्हां दोघा पुरुषांना अजून कळलेले नाही.

कॉर्व्हेटचे राहिले. एप्रिलमध्ये दोघे आपली रोजची अकॉर्ड घेऊन ऑटोक्रॉसला गेले. मोठ्या पार्किंगमध्ये रबरी शंकू मांडून एकेका गाडीला सोडतात, वेग हायवेच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि धडकलीच तर शंकूला. पैसे माणशी घेतात, तेव्हा वहिनींनीही नाव दिले. "बसून काय करू?" त्या म्हणाल्या. चार फेऱ्यांअखेर त्यांची वेळ यजमानांपेक्षा दोन सेकंदांनी कमी आली, आणि शंकू एकही पडला नव्हता.

आता दोघांसाठी एक मियाटा शोधणे चालू आहे. हेल्मेट दोन घ्यावे लागणार, त्याचा खर्च वहीत धरला आहे.